‘शाह’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत ‘पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न हमखास असतो. शब्द दोन, गुण दोन. तपासणाऱ्याला त्रास नाही आणि लिहिणाऱ्यालाही नाही, कारण मुलांनी त्यावर एक रामबाण उपाय शोधून ठेवला आहे : ‘सरांनी आज आम्हाला अमुक हा शब्द शिकवला.’ अमुकच्या जागी पर्वत घाला, परोपकार घाला, पाणबुडी घाला; वाक्य शुद्धच येते. शब्दाचा अर्थ मुलाला कळला की नाही, हे मात्र त्या वाक्यावरून अल्लालाच ठाऊक! अशा वाक्याला पूर्ण गुण द्यावा की अर्धा कापावा, यावर शिक्षकांच्या खोलीत आमचे आजवर एकमत झालेले नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणारे शिक्षक. आमच्या वर्गात कुणाच्या घरी कोकणी बोलतात, कुणाच्या घरी पूर्बी, कुणाच्या घरी दखनी. मराठी ही त्यांच्या लेखी तासाची भाषा. तास संपला की पुस्तकाबरोबर तीही दप्तरात जाते. या मुलांना मराठी वाक्य का सुचत नाही याचा विचार करताना आमच्या लक्षात आले की, वाक्य सुचण्यासाठी त्या शब्दाची आधी कुठेतरी गाठ पडलेली असावी लागते. आणि गंमत अशी की, मराठीतल्या शेकडो शब्दांशी या मुलांची गाठ पाळण्यातच पडलेली असते. फक्त हा शब्द मराठीचाही आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. दुसऱ्या बाजूला मराठी माध्यमातल्या मुलाला तोच शब्द ‘परकीय’ म्हणून सांगितला जातो. म्हणजे शब्द एकच, आणि दोन्ही वर्गांत तो पाहुणा! अशा शब्दांपैकी ‘शाह’ हा शब्द आम्ही या लेखासाठी घेतला आहे. त्याची वाक्ये गोळा करायला दिल्ली-आग्ऱ्याला जावे लागत नाही. आमच्या जिल्ह्यालगतच्या जव्हारला गेले तरी पुरते.

जव्हारकडे वळण्यापूर्वी, शब्द शिकवण्याची आपली जुनी रीत काय होती ते पाहू. आज ‘निसाब’ म्हणजे अभ्यासक्रम. ‘निसाब पूर्ण झाला का?’ हा मुख्याध्यापकांचा फेब्रुवारीतला ठरलेला सवाल. जकातीच्या संदर्भात निसाब म्हणजे जी मालमत्ता असल्यावर जकात लागू होते ती किमान रक्कम; चांदीच्या हिशेबात दोनशे दिरहम. तेराव्या शतकात अबू नस्र फराही यांनी मुलांना अरबी शब्दांचे फारसी अर्थ पाठ व्हावेत म्हणून दोनशे बैतांची एक पद्यमाला रचली आणि तिला ‘निसाबुस्सिब्यान’, म्हणजे मुलांचा निसाब, असे नाव दिले. दोनशे दिरहमांवर जकात, दोनशे बैतांवर विद्या, असा तो श्लेष होता. पुढे शब्दांच्या अशा पद्यमालांना निसाब म्हणण्याची पद्धतच पडली. हिंदुस्थानात ‘खालिक बारी’ अशीच प्रसिद्ध झाली. ती अमीर खुस्रोंच्या नावावर सांगितली जाते. हाफिज महमूद शेरानी यांनी मात्र ती जहांगीरच्या काळातल्या दुसऱ्या एका खुस्रोची असल्याचे मत मांडले. खुद्द मिर्झा गालिब यांनीही घरातल्या मुलांसाठी ‘कादिरनामा’ लिहिला. या सर्व रचनांमध्ये ताल आहे, यमक आहे, पाठ करण्याची सोय आहे. वाक्य मात्र नाही. एका भाषेतला शब्द, त्याच्यासमोर दुसऱ्या भाषेतला शब्द, की झाले.

मराठी मुलखातही हीच रीत होती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून राज्याभिषेकानंतरच्या काळात तयार झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ हे त्याचे मोठे उदाहरण. कारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी तो दहा वर्गांत, श्लोकबद्ध रचला गेला. स्वतंत्र राज्याची स्वतंत्र राजभाषा असावी ही त्यामागची भूमिका होती. तिचा आदर राखूनही एक गोष्ट दिसतेच : कोशाने जमीन, कागद, तारीख, फौज, किल्ला या शब्दांना पर्याय दिले असतील-नसतील, पण शेतकऱ्याने, कारकुनाने आणि शिपायाने त्या शब्दांची वाक्ये करणे सोडले नाही. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, तेव्हा शब्दापुढे तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी हे अक्षराने दाखवण्याची सोय केली गेली. त्याच कोशात म्हणी आणि बोलण्यातले प्रयोगही सापडतात. आम्हाला तो कोश आवडतो तो त्यासाठी. मूळ दाखवणारे ते एक अक्षर मात्र पुढे अनेकांनी शब्दाच्या हद्दपारीचा हुकूम असल्यासारखे वापरले.

आता ‘शाह’. आठवीच्या वर्गात ‘-शाही’ हा प्रत्यय शिकवताना आम्ही आधी मूळ शब्दाचीच वाक्ये करायला सांगितली. शाहजहानने ताजमहाल बांधला. आमच्या मोहल्ल्यात शाहबाबांचा दर्गा आहे. शहा अंकलच्या दुकानात वह्या स्वस्त मिळतात. शहाजीराजे शिवाजी महाराजांचे वडील होते. शहामृगाला उडता येत नाही. एका हजरजबाबी मुलाने ‘शहाणा’ म्हणजे ज्याच्याकडे शाहचा आणा आहे तो, असेही सांगून टाकले.

ही सहा वाक्ये फळ्यावर लिहिली आणि तासभर पुरली. ताजमहालवाला शाह म्हणजे बादशहा. दर्ग्यातला शाह म्हणजे ज्याने बादशाही सोडली तो. फकिराला शाह म्हणणे ही आपल्याकडची फार सुंदर चाल आहे. मराठीत रचना करणारे शाह मुंतोजी बहामनी, ज्यांना मराठी संतपरंपरा मृत्युंजय या नावानेही ओळखते, त्यांच्या नावात तर दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. वहीविक्रेते शहा हे मात्र बहुधा वेगळ्याच घराण्यातले : गुजराती व्यापाऱ्यांच्या या आडनावाचा संबंध अभ्यासक संस्कृत ‘साधु’ या शब्दाशी, म्हणजे सचोटीच्या सावकाराशी लावतात, साव, साहू, सावकार ही त्याचीच भावंडे. उच्चार फारसी शाहसारखा झाला, एवढेच. शहाजीराजांचे नाव, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) शाह शरीफ या पीरांवरून ठेवले गेले. धाकट्या भावाचे नाव शरीफजी. शहामृगाची गोष्ट याहून मजेची. फारसीत तो शुतुरमुर्ग, म्हणजे उंटासारखा पक्षी. मराठी तोंडात शुतुरचा शहा झाला, मुर्गचा मृग झाला आणि पक्षी चक्क राजहरीण होऊन बसला! ‘शहाणा’चा या कुळाशी काही संबंध नाही, हे त्या मुलाला सांगावे लागले. त्याला वाईट वाटले.

आणि मग आम्ही सातवे वाक्य फळ्यावर लिहिले : ‘जव्हारच्या कोळी राजांना शाह म्हणत.’

वर्गात शांतता. शाह आणि तोही कोळी? आदिवासी? जव्हार हे नावही मुलांना नीट माहीत नव्हते. उर्दूच्या कानांना ते ‘जौहर’सारखे ऐकू येते, पण नुसत्या ध्वनीवर व्युत्पत्ती उभी करायची नसते. शहामृगाने तेवढा धडा नुकताच दिला होता.

जव्हारचे संस्थान महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचे. चौदाव्या शतकात जायबा मुकणे यांनी ते स्थापन केले. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये त्यांच्याबद्दलची एक दंतकथा नोंदलेली आहे : जायबाने जव्हारच्या तेव्हाच्या प्रमुखाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, आणि ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून त्यांनी सारा मुलूख वेढला. हीच गोष्ट कार्थेजच्या राणीबद्दलही सांगतात. गोष्टींना पासपोर्ट लागत नाही.

जायबांचा मुलगा नेमशहा. दिल्लीच्या तख्तावर तेव्हा मुहम्मद बिन तुघलक होता. पाठ्यपुस्तकातून तुघलकाबद्दल मुलाला एकच वाक्य करता येते : त्याने राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेली. जव्हारकडे त्याच्यासाठी दुसरे वाक्य आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या या कोळी प्रमुखाला तुघलकाच्या दरबाराने बावीस किल्ल्यांचा धनी म्हणून मान्यता दिली आणि ‘शाह’ हा किताब दिला. गॅझेटिअर सांगते की, हा किताब मिळाला तो दिवस, ५ जून १३४३, जव्हारमध्ये एवढा महत्त्वाचा मानला गेला की त्या दिवसापासून नवा शक सुरू करण्यात आला आणि पुढेही सरकारी कागदांत तो वापरला जात होता. एका शब्दावरून कालगणना सुरू झाली! मुलांना शब्दाचे वजन कशाला म्हणतात हे सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

याच सुमाराची आणखी एक कालगणना आहे. तीही तुघलकाच्याच कारकिर्दीशी जोडली जाते. १३४४ पासून दक्षिणेत शुहूर सन चालू झाला. मृग नक्षत्राबरोबर त्याचे वर्ष बदलते, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, म्हणून त्याला अरबी सनही म्हणत. मराठी राज्याचा सारा पत्रव्यवहार या सनाने भरलेला आहे. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. मकतबात अरबी गिनती शिकलेल्या मुलाला हे शब्द मोडी कागदात भेटले, तर गावाकडचा माणूस शहरात भेटावा तसे वाटेल. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर गेले. ते वर्ष कसे लिहीत? ‘सन अर्बा सितैन अलफ’. म्हणजे चार, साठ आणि हजार, शुहूर १०६४. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. गणिताच्या तासाला हे उदाहरण द्यायला काय हरकत आहे? पेरणीचा मृग आणि मकतबाची गिनती यांचे मिळून हे एक वर्ष होत असे, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हते.

सुरतेच्या त्याच वाटेवर महाराजांचा मुक्काम जव्हारजवळ झाला. राजा विक्रमशहांनी त्यांचे स्वागत करून मानाचा शिरपेच दिला आणि म्हणून त्या जागेला शिरपामाळ हे नाव पडले, असे जव्हारकर सांगतात. ‘शिरपेच’ हा शब्दही पाहण्यासारखा. फारसीत तो सरपेच : सर म्हणजे डोके, पेच म्हणजे वेढा. मराठीने सरच्या जागी आपले शिर ठेवले आणि पेच तसाच राहू दिला. विक्रम हे नाव, शहा हा किताब, शिर आपले, पेच फारसी, आणि तो घेणारे छत्रपती शिवाजी महाराज. एवढे सगळे एका माळावर!

इथे थांबून हिंदू-मुस्लिम ऐक्यावर चार वाक्ये लिहिण्याचा मोह होतो, पण इतिहास शुभेच्छापत्र नसतो. शिरपेचानंतर आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले. आणि त्याहून अडचणीची एक कथा गॅझेटिअरमध्येच आहे. नेमशहांचा नातू देवबारराव याचे बहामनी सुलतान अहमदशहाशी (१४२२ ते १४३५) युद्ध चालू होते. मध्यंतरी तो बिदरला गेला, तिथे सुलतानाच्या मुलीचे आणि त्याचे प्रेम जमले, तो मुसलमान झाला, मुहम्मदशहा हे नाव घेऊन त्याने तिच्याशी निकाह केला आणि परत येऊन मरेपर्यंत जव्हारवर राज्य केले. त्याच्या मृत्यूनंतर मात्र तिथल्या हिंदू सरदारांनी त्याच्या मुलाला गादी नाकारली आणि नेमशहांच्या भावाच्या वंशातल्या पुरुषाला बसवले. कथेतला प्रेमाचा भाग कितपत खरा हे बाजूला ठेवू. आमच्यासारख्यांना त्यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते : मुसलमान झालेला वारस नाकारला गेला, ‘शाह’ हा शब्द नाकारला गेला नाही. पुढचे राजेही कृष्णशहा, विक्रमशहा, पतंगशहा असेच म्हणवत राहिले. एव्हाना तो शब्द दिल्लीचाही राहिला नव्हता आणि मुसलमानांचाही. तो मुकण्यांचा झाला होता.

जव्हार गावात हजरत शाह सद्रोद्दीन चिश्ती यांचा दर्गाही आहे आणि तिथला उरूस सर्वांचा मानला जातो. म्हणजे राजवाड्यातही शाह आणि दर्ग्यातही शाह. आमच्या मुलांनी केलेली पहिली दोन वाक्ये इथे एकाच गावात नांदताना दिसतात.

शेवटचे राजे यशवंतराव मुकणे, पाचवे पतंगशहा. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९६० च्या दशकात हेच यशवंतराव काँग्रेसचे उमेदवार म्हणून लोकसभेवर निवडून गेले. १३४३ साली दिल्लीने शाह केलेल्या घराण्यातला माणूस सहा शतकांनंतर लोकांच्या मतांवर दिल्लीला गेला. आता ‘-शाही’ शिकवणे फार सोपे झाले. निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही हे शब्द मुलांना इतिहासातून माहीत असतात. तोच प्रत्यय मराठीने शिवशाहीला लावला, मग हुकूमशाहीला, नोकरशाहीला, झुंडशाहीला आणि लोकशाहीला. हिंदीत लोकतंत्र म्हणतात, उर्दूत जम्हूरियत. लोक आणि शाह यांना एका शब्दात बसवण्याचे काम मराठीने केले, आणि लोक म्हणजेच शाह असा त्याचा अर्थ लावला तर कोणताही वैयाकरण आमच्यावर दावा लावणार नाही, अशी आशा आहे.

एवढे झाल्यावर मुलांना ‘शाह’ची वाक्ये सुचू लागली हे सांगायला नको. पण राजांचे शब्द शिकवणे तसे सोपेच. राजांची वाक्ये कुणीतरी लिहून ठेवलेली असतात. ज्यांची वाक्ये कुणी लिहिली नाहीत, त्यांच्या मुलांना शब्द कसा शिकवायचा? हा प्रश्न आताच्या याच पालघर जिल्ह्यात, जव्हारच्या पश्चिमेला डहाणू तालुक्यात, दोन बायकांनी फार पूर्वी हाती घेतला होता. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर या बाईंनी शाळाच मुलांकडे नेली : अंगणात अंगणवाडी, गुरे चारणाऱ्यांसाठी कुरणात कुरणशाळा. शिक्षणाचे साहित्य म्हणजे बिया, शंख, खडे, पाने. मुलाच्या हातात आधी वस्तू येई, मग शब्द. बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र आम्ही सगळेच पाठ करतो. ते कुरणात पायी चालताना कसे दिसते, हे पाहायचे असेल तर कोसबाडचा इतिहास वाचावा.

तेच सूत्र घेऊन जव्हारच्या पूर्वेला मोखाड्याकडे जाऊ. हा मुलूख डोंगराळ. इंग्रजी अमलात मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पेटा होता (शहापूर! इथेही शाह आहेच). भूगोलाच्या पुस्तकातला शब्द घ्या : ‘खरीप’. मुलाने वाक्य केले, भात हे खरीप पीक आहे. बरोबर. खरीप म्हणजे काय? पावसाळी. चूक! अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू, आणि रबीअ म्हणजे वसंत. पिकांना ही नावे कापणीच्या ऋतूवरून मिळाली आहेत, पेरणीच्या नाही. जे शरदात हाती येते ते खरीप, वसंतात येते ते रब्बी. आमची मुले रबीउल अव्वल महिन्याची वाट पाहतात, त्या महिन्यात हजरत पैगंबरांची मिलाद साजरी करतात, आणि भूगोलातल्या रब्बीपुढे मात्र परक्यासारखी उभी राहतात. दोन्ही एकच शब्द आहे हे सांगितल्यावर वर्गातले चेहरे पाहण्यासारखे होतात. महसूल वसुलीच्या कागदांतून हे शब्द गावोगाव पोहोचले आणि ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हते त्या शेतकऱ्याच्याही तोंडी बसले.

पण मोखाड्याच्या मुलाला ‘रब्बी’चे वाक्य कसे करायला सांगायचे? तिथे खरिपात भात होतो, वरकस उतारावर नागली आणि वरई होते. पाऊस धो-धो पडतो आणि उतारावरून वाहून जातो. याच डोंगरांतून वाहणाऱ्या वैतरणेवरची धरणे मुंबईची तहान भागवतात, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. अशा जमिनीवर दुसरे पीक फारसे उभे राहत नाही. म्हणून दिवाळी सरली, भात झोडून झाले, की कुटुंबेच्या कुटुंबे घर बंद करून निघतात. भिवंडी, कल्याण, वसईच्या बाजूला वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामावर. मुले बरोबर जातात. पावसाच्या तोंडावर, राब भाजायच्या वेळेला, परततात. पुस्तकात रब्बी हे पिकाचे नाव आहे. मोखाड्यात ते दिवस गाव रिकामे होण्याचे आहेत.

या मुलखाच्या कपाळी आणखी एक शब्द लिहिला होता, ‘वेठबिगार’. व्युत्पत्तीने पाहिले तर वेठ हा संस्कृत विष्टीपासून आलेला आणि बिगार म्हणजे फारसीतली बेगार. दोन्हींचा अर्थ एकच, फुकटात करून घेतलेली मजुरी. मराठीत असे जोडशब्द पुष्कळ आहेत : कागदपत्र, बाजारहाट, रीतिरिवाज, लाजशरम, मानमरातब. एक पाय देशी, एक पाय फारसी-अरबी. भाषणांतून आपण हे शब्द भाषाभगिनींच्या प्रेमाचा पुरावा म्हणून सांगतो. वेठबिगार मात्र कुणी सांगत नाही, कारण तो जुलमाचा जोडशब्द आहे. जुन्या राजवटी आल्या-गेल्या, प्रत्येकीने आपल्या भाषेतला शब्द आणला, आणि खाली राबणारा माणूस तोच राहिला. ठाणे जिल्ह्यात जमीनदार, सावकार आणि जंगलाचे ठेकेदार वारल्यांकडून वेठ घेत. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या घरी राबायला बांधली जात. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली तलासरी-उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सारा लढा आहे; त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लग्नगडी हा शब्द आमच्या मुलांना आधी विनोदी वाटला. लग्न आणि गडी, म्हणजे नवरदेवाचा दोस्त असेल, असे एकाने सांगितले. अर्थ कळल्यावर कुणी हसले नाही.

वेठबिगार कायद्याने १९७६ मध्ये रद्द झाली. वीटभट्टीच्या व्यवहारात आज जो शब्द चालतो तो ‘बयाणा’. दिवाळीच्या सुमाराला भट्टीमालकाचा माणूस पाड्यावर येतो, घरातल्या जोडप्यामागे आगाऊ रक्कम देतो आणि त्या रकमेपोटी पुढचे सहा-सात महिने विटा पाडायच्या ठरतात. हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. तो कधी फिटतो, कधी पुढच्या वर्षावर जातो. अरबीतला ‘बैअ’ म्हणजे खरेदी-विक्रीचा करार. त्याचा बैआना, त्याचा आपला बयाणा. आमच्या मुलांच्या घरी यंत्रमागाचा माल ठरतो, लग्नाचा हॉल ठरतो, तेव्हा हाच शब्द वापरतात. म्हणजे हा शब्द त्यांना शिकवावा लागला नाही. फक्त तो मोखाड्यातही बोलतात एवढेच सांगावे लागले.

वर्गातल्या एका मुलाचे वडील भट्टीवरून विटा वाहणारा ट्रक चालवतात. तो सुट्टीत त्यांच्याबरोबर जातो, भट्टीवरच्या मुलांबरोबर खेळतो. ‘बयाणा’ या शब्दाचे त्याने केलेले वाक्य असे होते : ‘दिवाळीत बयाणा घेतला की मोखाड्याच्या शाळेत मुले कमी होतात.’ मग त्याने विचारले, सर, ‘कमी होतात’ बरोबर आहे का? कारण पटावर तर त्यांची नावे असतातच.